दहा किलोच्या आतलं

कपाशी संपली की जिनिंगचा काटा रिकामा राहतो
आणि अकीलच्या आठ बाय दहाच्या खोलीत
आम्ही बसतो, रविवारी, ऊन कलल्यावर.
पंख्याच्या पात्यांना मागच्या हंगामाची रुई अजून चिकटलेली.

चहा खारट. खारपाणपट्ट्यातलं पाणीच तसं,
साखर दुप्पट घातली तरी
शेवटच्या घोटाला जिभेवर मीठ उरतंच.
नलू म्हणते, हे कवितेत टाकू नको,
लोकाइले वाटन तू रडण्याबद्दल बोलून रायला.
टाकलं, नलू.
पाण्याबद्दलच बोलतोय.

अंबादासभाऊंनी एकही पुस्तक शेवटापर्यंत वाचलेलं नाही.
पण बावीस वर्षं तंबूतल्या टॉकीजचं मशीन चालवलं,
या जत्रेतून त्या जत्रेत.
सिनेमे पाहिले ते वीतभर चौकोनातून,
तेही आधीचं रीळ उलटं गुंडाळता गुंडाळता.
म्हणून त्यांच्या गोष्टीतला माणूस
जेवता जेवता ताटावरून उठतो
आणि एकदम रेल्वेच्या पुलावर असतो, हात रक्ताळलेला.
"मंधात काय झालं, भाऊ?"
"मले काय मालूम! मी रीळ गुंडाळत होतो ना बाप्पा."

मग दिवे लागेपर्यंत आम्ही ते मधलं भरत बसतो.
अकील लगेच खून करून मोकळा होतो.
नलू म्हणते, खून कायले पायजे?
त्यानं कोणाची तरी खिडकी फोडली असन,
अन् आत कोणीच नसन.
मी गप्प. मला ती खिडकी हवी असते.

नलू ग्रामपंचायतीचं वाचनालय सांभाळते.
कोणत्या कादंबरीची पानं सत्तराव्यापुढे कोरी करकरीत आहेत,
कोणत्या पानावर हळदीचा अंगठा उमटलाय, तिला पाठ.
शेजारणीबद्दल बोलावं तशी ती पुस्तकाबद्दल बोलते:
"सुरुवातीले लय गोड वागली, मंग उपदेशच करत सुटली."
ती स्वतः एका वहीत लिहिते.
वही पिशवीत येते, पिशवीतच परत जाते.
आम्ही विचारत नाही.
एकदा विचारलं होतं. दोन रविवार आली नाही.

या रविवारी माझी कादंबरी पुण्याहून परत आली,
सोबत एका ओळीची चिठ्ठी:
भाषा थोडी प्रमाण करता आल्यास विचार करू.
अंबादासभाऊंनी ती खिडकीच्या उजेडात धरली,
रिळाचं तुटलेलं टोक तपासावं तशी.
"म्हंजे तुही माय तुले 'कुठी गेल्ता बे' म्हणते,
तं तू थे 'कुठे गेला होतास' लिहाचं?"
"हाव."
"मंग थे तुही माय नाई रायली. बँकेतली बाई झाली."

अकील म्हणाला, चाला, वजनच करून टाकू हिचं.
आणि खरंच आम्ही तिघं ट्रकच्या काट्यावर उभे राहिलो,
तापलेल्या लोखंडावर चपला चिकटत होत्या.
अकील आतून ओरडला, "एकशे नव्वद!
आता बाड खाली ठेव."
मी काट्याबाहेर, मातीवर ठेवलं.
"एकशे नव्वद!"
आणि तो हसत सुटला.
"दहा किलोच्या आतलं याले समजतच नाई, भाऊ!
याच्या लेखी तुही कादंबरी झालीच नाई!"

नलू हसली नाही.
तिनं खांद्यावरची पिशवी उतरवली,
माझ्या बाडावर अलगद ठेवली.
लाल आकडा थरथरला. एकशे ऐंशी.
अकीलचं हसू अर्ध्यात थांबलं.
"होते असं," तो हळूच म्हणाला, "आकडा काठावर असला की."
तिनं पिशवी परत खांद्याला लावली. एकशे नव्वद.
दूर सरकीच्या ढिगावर कुत्रं उठलं, गोल फिरून पुन्हा बसलं.

अंबादासभाऊ खाली वाकून
चपलेचा अंगठा बसवत होते.
वर पाहत म्हणाले,
"काय झालं बे? सगळे असे काहून उभे?"