साठची कॅसेट

हमरियातल्या खोलीत आम्ही सहा जण,
टेपरेकॉर्डर एकच, तोही शर्फूचा.
शर्फुद्दीन हजवाने, मुक्काम हर्णै.
दिवसा क्रेन चालवायचा,
रात्री कुणाला बटणाला हात लावू द्यायचा नाही.

रुवीत मोईदूच्या दुकानी अल्बम मिळायचे,
सेलोफेनमधले, चकचकीत,
आतल्या कागदावर वादकांची नावं मुंगीएवढ्या अक्षरात.
मी ती आधी वाचायचो, गाणी नंतर ऐकायचो.
व्हायोलिनला कोण, मेंडोलिनला कोण,
कधी न भेटलेली माणसं, पण घरातल्यासारखी.
अल्बमचं एक बरं असतं,
क्रम लावणारा दुसराच कुणी असतो.
आपण पंगतीत बसल्यासारखं बसायचं,
वाढतील ते घ्यायचं.

शर्फूला पंगत मान्य नव्हती.
सत्त्याऐंशीच्या जूनमध्ये, एका शुक्रवारी,
बिर्याणीचं पातेलं तसंच टाकून
त्यानं दोन मशिनं समोरासमोर ठेवली
(दुसरं शेजारच्या गुलजमीनचं,
त्याबदली माझं घड्याळ गहाण)
आणि एसी बंद केला.
"कोणी खोकायचं नाय."
बाहेरचे काळे डोंगर तापून चटके देत होते
आणि आम्ही घामानं निथळत,
श्वास धरून बसलेलो,
अर्धा तास एका बाजूसाठी.

भूपाळीनंतर थेट लावणी.
असं कुणी लावतं का, विचारलं तर म्हणाला,
"सकाळी उठल्यावर मला ह्याच क्रमानं आठवतं."

तरी मधे आलंच काहीबाही.
नाट्यपदाच्या तानेत समोरच्या मशिदीतली अजान मिसळली
आणि कसा कोण जाणे, षड्ज जुळला.
लावणीत, ढोलकी थांबते तिथं,
कुणाच्या तरी हातून चमचा पडला.
आजही ती लावणी कुठं लागली
की त्या जागी मी चमच्याची वाट बघतो.

पहिल्या बाजूला शेवटी एक भावगीत,
दुसरा अंतरा, तिसरी ओळ,
शब्द अर्धा तोंडात असताना
टेप संपली.
टक्.
शर्फू म्हणाला, "इथवरच होतं."
आणि काट्यानं कॅसेटचा कोपऱ्यातला दात मोडला,
म्हणजे वर कुणी काही भरू नये.

मग ती वाजत राहिली.
गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हानं वाकली,
गायिकेचा आवाज पुरुषी होत गेला,
पेन्सिलीनं गुंडाळली, नेलपॉलिशनं चिकटवली.
एक्क्याण्णवला शर्फू कायमचा गेला,
दोन ट्रंका, एक पंखा.
कॅसेट मला दिली. मशीन घेऊन गेला.

आता माझ्याही फायनल एक्झिटचा शिक्का पुढच्या महिन्यात.
परवा ऑफिसातल्या चिपळूणच्या पोरानं
मत्रहच्या रस्त्यावर फोनवर ते गाणं लावलं,
अख्खं.
तिसऱ्या ओळीपुढे अजून सव्वा मिनिट आहे.
वाईट नाही, बासरीही आहे.
पण मला वाटलं, आपल्या खोलीत कुणी
आपल्याला न विचारता खाट टाकली.
"बंद कर रे," म्हटलं. त्याला वाटलं, डोकं दुखतंय.

रात्री हर्णैला फोन लावला.
शर्फूला डाव्या कानानं ऐकू येत नाही,
मागे मासळीच्या लिलावाची ओरड.
"कोण? हां, बोल."
मी बोललो नाही, नुसतं गुणगुणलो, मुखडा.
त्यानं अंतरा उचलला,
घोगरा, सुरापासून दोन कोस लांब,
पहिली ओळ, दुसरी,
तिसरीत त्या अर्ध्या शब्दावर आला
आणि जीभ टाळूला लावून म्हणाला,
टक्.

कुणीतरी पापलेटाची बोली वाढवत होतं.
"पालट की," शर्फू म्हणाला.
मी फोन दुसऱ्या कानाला लावला.