काटापट्टी

उमराण्याच्या बाजार समितीत
मी तीन नंबरच्या काट्यावर बसतो.
ट्रॉली चढते, आकडा थरथरतो, थांबतो,
मी तो लिहितो.
भाव बोलणारे वेगळे.
त्यांचं तोंड आणि माझा पेन यांच्यात
दहा पावलांचं अंतर आहे,
अठरा वर्षांत मी ते ओलांडलेलं नाही.

चैत्रात अनुदान जाहीर झालं
आणि मला काट्यावरून टेबलावर आणलं.
सातबारा, पासबुक, आधार, विक्रीची मूळ पट्टी.
रांग गेटपर्यंत, गेटपासून रसवंतीपर्यंत.
माणसं कागद असे धरून उभी
जशा लग्नात अक्षता धरतात,
कोण कधी टाका म्हणेल
याच्याकडे कान लावून.

मेशीच्या कौतिकबाई देवऱ्यांनी
हळदीच्या डब्यातून पट्टी काढली.
पट्टी कोरी.
मशीनची शाई, पत्र्याच्या घरात
दोन महिन्यांत उडून गेलेली.
"होतं ना भाऊ यावर.
एकोणीस क्विंटल चाळीस."

होतं. मला आठवत होतं.
त्या दिवशी व्यापाऱ्याने ट्रॉली उपसली,
तळाची गोल्टी वर काढून वांदा केला,
शंभर रुपये तोडले,
आणि बाईंनी ती गोल्टी
पदरात वेचून परत नेली.
पण अर्जात आठवणीला रकाना नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी जुनी वही शोधली,
डबा न उघडताच.
दुय्यम प्रत काढली, शिक्का मारला.

मग सातबारा. पीकपेऱ्यात मका.
नातवाने पावसाळ्यात बांधावर उभं राहून
मोबाइलवर मका नोंदवला, तो खराच होता.
मका निघाला, रांगडा कांदा लागला,
तेव्हा रेंज नव्हती, आणि नातवाची बारावी होती.
त्यामुळे सरकारी कागदावर त्या शेतात
मका अजून उभा आहे.
वाळत नाही, कापला जात नाही,
त्याला डुकरंही लागत नाहीत.

ज्येष्ठात तिघांची समिती निघाली
कांदा होता का ते पाहायला.
तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक,
मी मागच्या मोटारसायकलवर वही घेऊन.
शेत नांगरलेलं.
तिघांनी ढेकळांकडे पाहिलं,
ढेकळांनी तिघांकडे.
पुरावा? तलाठी मान पुसत म्हणाले.

बाई काही बोलल्या नाहीत.
चाळीच्या मागे घेऊन गेल्या.
तारेच्या कुंपणात, बाभळीच्या काट्यांत,
कोंबड्यांच्या खुराड्यावर
लाल पापुद्रे अडकलेले,
किती ते मोजता येऊ नयेत इतके,
उन्हात आरपार दिसणारे.
वारा आला की सगळे एकदम
कुणाची तरी तक्रार सांगितल्यासारखे.

ग्रामसेवकाने त्यातला एक उचलला
आणि पंचनाम्याला टाचणीने लावला.
कोणत्या नियमात बसतो, माहीत नाही.
फाइल तालुक्याला गेली, जिल्ह्याला गेली,
कुणी तो काढला असं ऐकलं नाही.

पोळा झाल्यावर बाई बाजारात दिसल्या.
शेजाऱ्याची ट्रॉली माझ्या काट्यावर चढलेली,
त्या तिच्या बाजूलाच येऊन उभ्या,
खिडकीतून मोबाइल पुढे केला.
वाचा.
मी वाचला.
त्यांनी बोटांच्या पेरांवर हिशेब केला,
पुन्हा एकदा, उलट्या बाजूने.

"हे तर निम्म्याच मालाचं झालं."
उरलेलं पुढच्या हप्त्यात येईल, मी म्हणालो.
"मग धरला कोणता त्यांनी?
ट्रॉलीतला वरचा, का तळाचा?"

मागच्या पिकअपने हॉर्न दिला.
बाई पदर खोचत लोखंडी पाट्यावरून उतरल्या.
आकडा पन्नास किलोने खाली आला,
थरथरला, थांबला.
मग मी लिहिला.