भाषेचा रकाना

वादळाच्या तिसऱ्या दिवशी देवगड बंदरात
कन्याकुमारीकडच्या एकोणचाळीस बोटी शिरल्या,
मधे टायर सोडून एकमेकींना टेकल्या,
आणि सोसायटीच्या ऑफिसात माझ्यापुढे
ओल्या माणसांची रांग.

नाव, बोट, गाव, भाषा.
तहसीलला चारपर्यंत यादी हवी.

मी विचारलं, खंयसून इलात?
ते बोलले. भरपूर बोलले.
मला कळली फक्त तहान,
तीही हातावरून.

जुवाटकरांच्या ट्रॉलरवरचा अप्पलस्वामी
डिझेलच्या कुपनासाठी उभा होता.
मूळचा श्रीकाकुळमकडचा,
आठ हंगाम इथे, शिव्या मालवणीत देतो.
रांगेकडे पाहिलं न पाहिलंसं करून म्हणाला,
बाय, ते सगळे अरवम.
मी लिहिलं: अरवम.
खाली सात पानं सदर, सदर, सदर.

चारला फोन.
ताई, ही भाषा कुठली? आमच्या यादीत नाही.

मग मी त्यालाच धरलं.
म्हणाला, आमच्यात ओरडण्याला अरुपु म्हणतात.
हे ओरडून बोलतात, म्हणून.
हे तो ओरडूनच सांगत होता.

मग डोकं खाजवून: शाळेतले पंतुलू वेगळंच सांगायचे.
हद्दीपलीकडे म्हणे अरुवा नावाचा मुलूख होता,
शेजाऱ्यांना मुलखाच्या नावाने हाक मारली
ती पुढच्या सगळ्यांनाच चिकटली.
जसं आपण घाटावरच्याला घाटी म्हणतो,
आणि मग ज्याने घाट पाहिला नाही त्यालाही.

बर्फ फॅक्टरीचे मेस्त्री, संस्कृतचे दोन पेपर दिलेले,
बशीत चहा ओतत म्हणाले, सोपं आहे.
रव म्हणजे आवाज. अ-रव. आवाज नसलेले.
त्यांच्या अक्षरांत ख नाही, घ नाही, भ नाही.
एका कान्याने अर्थ फिरतो बघा,
माझा नातू आरव,
रात्रभर कोणाला निजू देत नाही.

रांगेतला सूसै मोडक्या हिंदीत म्हणाला,
आमच्यात अरवम म्हणजे साप.
सगळे हसले. तोही हसला, जरा उशिरा.
मग त्याने मला विचारलं,
तुम्ही आम्हाला काय म्हणता?

मी पेपरवेट उगाच इकडचं तिकडे केलं.
यंडुगुंडू कुठून आलं
हे सांगायला मुलूख नाही, धातू नाही,
आमच्या कानापलीकडे त्याला गाव नाही.
म्हटलं, मद्रासी.
अप्पलस्वामी जमिनीकडे बघत होता.
त्याच्यासाठीही त्यांच्यात एक नाव आहे,
आणि ते त्याला ठाऊक आहे.
सूसैने ते काढलं नाही.

अंधार पडताना कळलं, बोटी चाळीस होत्या.
सूसैच्या मेव्हण्याची
वेंगुर्ल्याच्या रॉक्सनंतर कोणी पाहिली नव्हती.

वायरलेसवर सूसै नाव घेत राहिला.
बटण दाबून नाव,
बटण सोडून खरखर.
साडेदहाला त्याचा घसा बसला.
ओठ हलत होते, बाहेर काही येत नव्हतं.
मेस्त्री दारात उभे होते, तेही काही बोलले नाहीत.

तेव्हा माइक अप्पलस्वामीने घेतला.
कधीतरी कुठल्या धक्क्यावर शिकलेले,
ज्यांना सकाळी अरवम म्हणाला त्यांचेच तीन शब्द,
उलटसुलट, चुकीच्या हेलात:
कुठे आहेस. इकडे ये. दिवा लाव.
इतक्या मोठ्याने, की जेटीवरची कुत्री उठली.

मी रजिस्टर ओढलं.
पहिल्या ओळीतलं अरवम खोडून वर तमिळ लिहिलं.
खालचे सगळे सदर आपोआप बदलले.
मग नवी ओळ. नाव सूसैने लिहून दिलं,
बोट, गाव.
भाषेच्या रकान्यात पेन टेकवून
बसून राहिले मी
खरखर ऐकत.