नऊ चाळीस

थॉर्नवेल गावात सात यंत्रं पुरली आम्ही.
एक चर्चच्या तळघरात, एक शाळेच्या बॉयलरमागे,
आणि पाचवं बेरिल ओल्डनो बाईंच्या परसातल्या
कोळशाच्या खोलीत, जिथे आता
फक्त सायकलचा पंप आणि बटाटे.

सिमेंटचा ठोकळा. पातळीचा बुडबुडा मध्यावर.
बाण उत्तरेला.
बाई दारात उभ्या, हातात चहाचे दोन मग:
"हे ऐकतं म्हणजे नेमकं काय ऐकतं?"
मी म्हटलं, सगळं.
कचऱ्याची गाडी,
पबमध्ये गोल झाला की मारलेल्या उड्या,
आणि खाली आठशे मीटरवर
कोळसा कापत पुढे सरकणारं यंत्र,
त्याच्या मागे मुद्दाम कोसळू दिलेलं छत.
"मुद्दाम?"
हो. आधार पुढे घ्यायचे, मग खडक आपणहून खाली बसतो.
बसता बसता कण्हतो.
तेवढं कण्हणं मोजायचं.

बाई हसल्या. "ते मला माझं कपाट सांगतं."
काचेमागे बशांची थप्पी.
रात्री ती किणकिणली
की त्यांना कळायचं, ग्लेन कामाला लागला.
नाही किणकिणली, की कुशी बदलत राहायच्या.

मी पाटणचा. आमच्याकडे उतरंड वाजली
की माणसं पोरं काखेत मारून अंगणात धावायची.
इथे वाजलं की एक आई झोपी जायची.
हे मी अहवालात लिहिलं नाही.

अहवालात एवढंच:
एक पूर्णांक तीन. एक पूर्णांक सात. शून्य पूर्णांक नऊ.
रविवारी काही नाही.
सोमवारी सकाळी सहानंतर पुन्हा.

जुलैत खाण बंद झाली.
शेवटचा धक्का मंगळवारी, पहाटे चार अकराला,
शून्य पूर्णांक सहा; कपाटालाही कळला नसेल.
मग सरळ रेघ.
तिच्यावर कचऱ्याची गाडी, एखादा गोल,

आणि पाचव्या यंत्रावर, फक्त पाचव्याच,
रोज रात्री नऊ चाळीसला
तीन ठोके.

आधी म्हटलं, तार सैल असेल. मग म्हटलं, मांजर.
मग वाऱ्यावर आपटणारं दार.
पण वारा घड्याळ बघून येत नाही.

ऑक्टोबरात यंत्रं उचलायला गेलो.
बाईंच्या काठीच्या टोकाचं रबर काढलेलं.
ग्लेन आता डॉनकॅस्टरजवळ गोदामात खोकी हलवतो,
रात्रपाळीच, म्हणाल्या,
पण तिथून इथवर काही पोचत नाही.
नऊ चाळीसला तो डबा घेऊन निघायचा.
"म्हणून मी वाजवते.
खालच्यांना वाटायला नको, वर कुणी नाही."
खाली आता कुणीच नाही, बाई.
"ते मला माहीत आहे."
आणि बटाट्यांची टोपली पायाने
जरा बाजूला सारली, मला वाकायला जागा म्हणून.

सहा यंत्रं गाडीत चढवली.
सातवीच्या रकान्यात कारण लिहावं लागतं.
लिहिलं: ठोकळा जमिनीला घट्ट, निघाला नाही.

बॅटरी मार्चपर्यंत पुरेल.