पाणी कुठलं घालतोस

दारूखान्यात, लोखंड कापणाऱ्यांच्या गल्लीतून
दस्तगीर मिस्त्रीच्या शेडपर्यंत गाडी ढकलत आणली:
मी, सद्दू, आणि वाटेतले दोन अनोळखी हमाल
ज्यांनी पैसे घेतले नाहीत,
बर्फाचा एकेक तुकडा घेतला, गालाला लावत निघून गेले.

मीटर चार लाख बारा हजारांवर थांबलाय.
गाडी त्यानंतरही चाललीय. किती, ते कोणी मोजलं नाही.
माझगावच्या कारखान्यातून भाऊच्या धक्क्यावर,
पहाटेच्या आत तीन फेऱ्या, गोणपाटाखाली लाद्या.

"बोल पागधरे," मिस्त्री म्हणतो,
उधारी मागायला आलेल्याकडे बघावं तसा बघत.
मी सांगतो: सकाळी उठत नाही. उठली की पांढरा धूर.
रे रोडच्या पुलावर चढताना दम सोडते.
पाणी पिते, रोज दीड-दोन लिटर,
पण खाली थेंब सांडत नाही.
"सांडत न्हाई, मग जातंय कुठं?"
हे मला नाही, बॉनेटला विचारलं.

ऑइलची पट्टी उपसून बोटावर घेतो.
काळं असायला हवं ते
टपरीवर उरलेल्या चहासारखं, वर साय धरलेलं.
सद्दू हसला. मिस्त्री हसला नाही.

मग चालू इंजिनावर वाकून
नोजलच्या नळ्या एकेक करून सैल करतो.
पहिली: इंजिन लंगडतं. आवळतो.
दुसरी: लंगडतं. आवळतो.
तिसरी सैल केली, डिझेल फुरफुरून बाहेर आलं,
आणि आवाज होता तसाच.
"घरात कोण काम करत न्हाई
ते त्याला रजा दिल्यावरच कळतं."
मला उगाच वसईचा मेहुणा आठवला.

रेडिएटरचं झाकण फडक्याने फिरवलं
तेव्हा वाफेने त्याचं मनगट धरलं. शिवी दिली नाही,
तसाच आत बघत राहिला.
बुडबुडे. आधण आल्यासारखे,
पण आधणाला ताल नसतो;
हे इंजिनाच्या ठोक्यावर येत होते,
एक सोडून एक.

"पानी कुठलं घालतोस रं?"

मी जरा अभिमानानेच म्हणालो: बर्फाचं.
लाद्यांखाली साठतं ते. गारेगार.
काटा लाल झाला की बाजूला घेऊन लगेच ओततो.

तो मागे गेला. फाळक्यावरून टपटपणाऱ्या पाण्यात
बोट बुडवलं, जिभेला लावलं, थुंकला.
"खारट." मग बराच वेळ काहीच नाही.
कारखान्यात लाद्यांचे डबे मिठाच्या पाण्यात लोंबकळतात
हे मला माहीत होतं. रोज बघतो.
तापलेल्या लोखंडावर एकदम थंड ओतलं की काय होतं
तेही शाळेत कधीतरी शिकवलं होतं.
सात वर्षं.
मी तर तिला माझ्यापेक्षा चांगलं पाणी पाजत होतो.

संध्याकाळी हेड उतरवलं.
गॅस्केट दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये नखाएवढी जळालेली,
तेवढ्यावर भागेल असं मी मनात धरून बसलो.
त्याने हेडवर रॉकेल ओतलं, कोरडं पुसलं,
आणि सद्दूकडून खडू घेऊन चोळला.
आम्ही तिघं वाकून बघत होतो.
पांढऱ्यावर हळूहळू
एक ओली रेघ वर आली, केसाएवढी,
मधे थोडी वळलेली.

"ह्यो हेड गेला." किंमत त्याने सांगितली नाही,
मी विचारली नाही.
धक्क्यावरून तिसऱ्यांदा फोन: बर्फ कुठे आहे?
गाडीच्या मागे नऊ लाद्यांच्या आता सहाही भरणार नाहीत.
ट्रॅफिकमध्ये आहे, मी म्हणालो,
एका न हलणाऱ्या गाडीला टेकून.

मिस्त्री मनगट फुंकत बसला होता, कातडी फुगलेली.
मी टोच्याने लादीचा कोपरा फोडला,
रुमालात बांधून त्याच्या हातात दिला.
त्याने तो दाबून धरला, डोळे मिटले.
"हितं चालतं," म्हणाला.