साक्षीला कोण?

पापाच्या तिकटीजवळ, चपलांची दुकानं संपतात तिथं
एक पत्र्याची पेटी, वर लाकडी चावी टांगलेली, हातभर लांब,
रंग दोनदा दिलाय, दोन्ही वेळा पिवळाच.
ती माझी. दस्तगीर शिकलगार.
खाली नंबर आहे, पण शेवटचा आकडा
उन्हानं खाल्लाय.

आता कुलूप अडलं की लोक फोनला विचारतात.
फोन सांगतो: कोल्हापुरात नंबर एक, चोवीस तास,
शाहूपुरी, पाचवी गल्ली, गाळा बारा.
एका दुपारी सायकल हाणत गेलो बघायला.
बाराव्या गाळ्यात पिठाची गिरणी.
गिरणीवाला म्हणाला, "तुम्ही चौथे.
चावीवाला हितं कोण न्हाई. ज्वारी असंल तर बोला."

तरी शेवटी त्यांच्यातच नाव घातलं.
धाकटीची फी होती, आणि पेटीपुढं
सकाळपासून एकच माणूस आलेला,
तोही महाद्वार रोड विचारायला.
फोनमधली बाई हिंदीत म्हणाली, तुम्ही आता पार्टनर.
निळा टी-शर्ट आला. त्याचे साडेचारशे
पहिल्या कामातून वळते करणार होते,
पण पहिलं कामच तेवढ्याचं नव्हतं.

काम आलं मंगळवार पेठेतून,
माझ्या पेटीपासून चालत दहा मिनिटं.
ऑर्डर मात्र नोएडाला जाऊन आलेली.
बाईंना सांगितले अठराशे,
मला तीनशे वीस.
मधले कुठल्या स्टेशनावर उतरले, कुणास ठाऊक.

दारावरचं कुलूप बघितलं आणि हसू आलं.
सात लिव्हरचं, पितळी, अलिगढचं.
पुराच्या साली याची चावी मीच केलेली,
यांच्या सासऱ्यांना, तीस रुपयांत, वर चहा पिऊन.

अब्बा सांगायचे, हत्यार काढायच्या आधी
शेजारच्याला हाक मार.
तो म्हणाला, घर यांचंच, की मग पेटी उघड.
कोण नसलं तर पायरीवर बस.
माझे कितीतरी तास अशा पायऱ्यांवर गेलेत,
लोकांच्या चपला मोजत.

मी हाक मारली. समोरच्या आक्का
पिठाच्या हातानं निघाल्या,
गुडघ्यापायी एकेक पायरी मोजून.
फोनवर आकडे पळत होते, आधी हिरवे, मग लाल.
कंपनीला ओटीपी पुरतो.
"ड्रिल मारायचं ना सरळ?" बाई म्हणाल्या,
"त्यांनी तसंच सांगितलंय, नवीन कुलूप पण देतात म्हणे."
मोबाईल छातीशी धरलेला, पाठ भिंतीला.

आक्का आल्या. दम खाल्ला.
"घर हिचंच. शिर्क्यांची थोरली सून ही."
मग माझ्याकडं बोट, पीठ सांडत:
"आणि ह्यो आपला दस्तगीर. निळं काय घातलंयस रे?"
बाईंची पाठ भिंतीपासून सुटली
तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.
मी त्यांच्यासाठी साक्षीदार शोधत होतो,
आणि त्या इतका वेळ
माझ्यासाठी.

दोन तारा, एक वाकडी, एक सरळ.
पाचवा लिव्हर जरा रुसतो, त्याला खालून उचलायचं.
कुलूप शाबूत निघालं.
फोन म्हणाला, तुटलेल्या कुलपाचा फोटो टाका.
कुठून टाकू?

संध्याकाळी निरोप आला: उशीर, कपात पन्नास,
नवीन कुलूप विकलं नाही, सूचना पहिली.

ॲप काढलेलं नाही. जूनला परत फी आहे.
टी-शर्टानं मशीनचं तेल चांगलं निघतं.
काल उरलेला पिवळा रंग घेऊन बसलो
आणि बोर्डावरचा आकडा पुरा केला.
सात आहे.
आक्कांना तो कधीच वाचावा लागला नव्हता.