अस्तर

पस्तीस वर्षं मी उद्यमनगरात कुपोला सांभाळला.
सकाळी थंड भट्टीत उतरायचो,
तोंडाला फडकं, हातात छिन्नी,
आदल्या दिवशी झिजलेलं अस्तर चाचपायचो
आणि माती लावायचो, बोटांनी दाबत,
भाकरीचा काठ सारखा करावा तशी.
दस्तगीर मिस्त्री वरून ओरडायचे,
"केरबा, तळाकडं बघ.
लोखंडाला दार लागत न्हाई,
त्याला भेग पुरती."

छातीत स्प्रिंग बसवली
तेव्हा साठी उलटायची होती.
मगदूमांच्या दुकानातून गोळी येऊ लागली,
पांढरी, तुरीच्या डाळीएवढी.
रात्री जेवणावर एक.
"रक्त पातळ राहतंय," मगदूम म्हणाले.
मला ते पटलं.
पातळ लोखंड साच्यात नीट धावतं,
कानाकोपऱ्यात पोचतं,
हे मला कुणी शिकवायला नको होतं.

पातळ लोखंडच भेग आधी हुडकतं,
हेही मला ठाऊक होतं.
आठवलं नाही, एवढंच.

मग गुडघा धरला.
त्यावर एक पिवळी गोळी, व्याह्यांनी सांगितलेली,
त्यांना लागू पडली म्हणून मलाही.
डॉक्टरला कशाला विचारायचं गुडघ्यासाठी?
महिन्याभरात बेंबीच्या वर जळायला लागलं.
मी तांबडा रस्सा सोडला, पांढरा चालू ठेवला,
आणि संध्याकाळी गंगावेशीत जाऊ लागलो,
म्हशीची धार समोर काढून घ्यायची,
फेसाचा ग्लास उभ्यानंच प्यायचा.
तासभर आत गार वाटायचं.
तेवढ्या तासाला मी औषध समजलो.

एका सकाळी काळं झालं.
काळं म्हणजे डांबर,
चिकट, आणि वास असा
की मीच नाकाला टॉवेल लावला.
दोन बादल्या ओतल्या.
बाहेर येऊन आक्काताईला म्हणालो,
"तुझी कारळ्याची चटणी जरा कमी कर."
ती काही बोलली नाही. चटणीची बरणी वर ठेवून दिली.
तीन दिवस बरणी वर होती
आणि तीन दिवस मी बादल्या ओतत होतो.

चौथ्या दिवशी गंगावेशीतच पडलो.
ग्लास हातात होता म्हणे, सांडला नाही.
मला आठवते ती फक्त म्हैस,
तिचा ओला श्वास माझ्या कपाळावर,
आणि गवळी कुणाला तरी सांगतोय,
"आरं, पांढरा पडलाय, पार खडू."

सीपीआरमध्ये कुंभोजकर डॉक्टरीणबाई,
माझ्या वैजयंताच्या वयाची,
सगळ्यांदेखत विचारते,
"आजोबा, शौचाला काळं होत होतं?"
मी भिंतीकडे बघितलं.
आक्काताई म्हणाली, "चटणी..."
आणि मध्येच थांबली.
माझ्याकडे तिनं असं बघितलं
जसं लग्नात पण बघितलं नव्हतं.

तीन अनोळखी माणसांचं रक्त चढलं.
मग घशातून नळी उतरवली, पुढं दिवा लावलेली.
नंतर बाईंनी फोटो दाखवला:
गुलाबी, ओलं, घड्या पडलेलं अस्तर
आणि त्यात एक खळगा,
बूड पांढरं, मधे काळा ठिपका.
मी लगेच ओळखलं.
असले खळगे मी हजार बुजवलेत.

"ती पांढरी गोळी बंद करतो," म्हणालो.
"आपल्या मनानं नाही," ती कडक झाली.
"ती बंद केली तर स्प्रिंग बुजेल.
थोडे दिवस थांबवली होती, आजपासून पुन्हा चालू.
गुडघ्याची मात्र कायमची बंद.
आणि ही नवी, सकाळी उपाशीपोटी,
पोटाच्या अस्तरासाठी."
"म्हणजे माती," मी म्हणालो.
तिला काही कळलं नाही. तिनं लिहून दिलं.

आता रोज सकाळी
संडासाच्या दाराबाहेर आक्काताई उभी असते.
अडतीस वर्षांच्या संसारात
आम्ही हा विषय कधी काढला नव्हता.
"कसाय रंग?" ती विचारते.
मी आतून खरं ते सांगतो.
मग तिची पावलं स्वयंपाकघराकडे जातात
आणि चहाच्या भांड्याचा आवाज येतो.